‘टायर बसनं, ऊन शे’: दिसतंय तेच बोलून दाखवणाऱ्या पात्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरं एकांकिका लिहितात, राज्य नाट्य स्पर्धेला उतरतात, यूट्यूबसाठी अहिराणीत छोट्या फिल्मा करतात आणि संहिता वाचायला पाठवतात. संहिता परत पाठवताना समासात एकच खूण वारंवार होते: ‘हे दिसतंय की!’ त्या खुणेवरून जे प्रश्न परत येतात, त्यांची उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवली आहेत.

हे पात्र म्हणजे नेमकं कोण?

रंगमंचावर तिघं भिजून चिंब झालेत, मागे विजांचा कडकडाट चालू आहे आणि चौथा छत्री झटकत आत येऊन म्हणतो, “बाहेर पाऊस पडतोय.” तो हा. नायिका हुंदके देतेय आणि मैत्रीण विचारते, “अगं, तू रडतेयस?” ती ही.

याच्यात दोन जाती आहेत आणि दोघींना एकाच मापाने मोजलं की घोटाळा होतो. पहिल्या जातीत असं बोलणं हा त्या माणसाचा स्वभाव असतो. लेखकाने तो हेरून लिहिलेला असतो. दुसऱ्या जातीत पात्राचा काही दोष नसतो. लेखकाला प्रेक्षकांना काहीतरी सांगायचंय, स्वतः रंगमंचावर येता येत नाही, म्हणून तो ते जवळ उभ्या असलेल्या कोणाच्याही तोंडी घालतो. पुढची बहुतेक उत्तरं या दुसऱ्या जातीबद्दल आहेत, कारण संहितांमध्ये तीच माजलेली दिसते.

पण आपल्याकडे माणसं खरंच अशी बोलतात. मग लिहायचं नाही का?

बोलतातच. बाजाराच्या दिवशी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन येणाऱ्या माणसाला पारावरचे लोक विचारतात, “बाजारले गयथा का भाऊ?” कोणी ओट्यावर ताट घेऊन बसलंय, समोरून जाणारा म्हणतो, “जेवी राह्यनात का?” उत्तर ठरलेलं: “हा ना, या जेवाले.” मे महिन्यात भुसावळात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, रस्त्यावर कुत्रं नसतं, आणि दोन माणसं भेटली की पहिलं वाक्य, “ऊन लय शे आज.” यातलं एकही वाक्य माहिती देण्या-घेण्यासाठी नाही. विचारणाऱ्याला उत्तर हवं नसतं. ‘मी तुला पाहिलं, आपलं बोलणं चालू आहे’ एवढं कळवायचं असतं.

मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली याच प्रकारच्या बोलण्यावर लिहिलं होतं. पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर तो राहिला होता. हवापाण्याच्या, कुठून आलात-कुठे निघालात या गप्पांत विचार पोचवणं हा हेतूच नसतो, माणसं जोडलेली ठेवणं हा असतो, असं त्याचं म्हणणं. आपल्या पारावर त्याला काही नवीन सापडलं नसतं.

अडचण पुढे आहे. हे बोलणं जसंच्या तसं नाटकात उतरवलं तर पहिल्यांदा प्रेक्षक ओळखीने हसतो, दुसऱ्यांदा मान डोलावतो आणि तिसऱ्यांदा खोकतो. पारावर ते वाक्य आपल्याला उद्देशून असतं. नाटकात आपण अंधारात बसलेले असतो, आपल्याला कोणी नमस्कार करत नाही. म्हणून असं वाक्य ठेवायचं तर नात्याची खूण म्हणून ठेवावं आणि मग ती खूण वापरावी.

उदाहरण घ्या. दोन चुलतभाऊ, वावरं शेजारी-शेजारी. पहिल्या प्रवेशात थोरला खांद्यावर वखराचं सामान घेऊन चाललाय आणि धाकटा विचारतो, “वावरात चालनात का दादा?” दुसऱ्या प्रवेशात पुन्हा तेच. मग बांधावरून बिनसतं. चौथ्या प्रवेशात थोरला त्याच वाटेने, तेच सामान घेऊन जातो आणि धाकटा ओट्यावर बसून तंबाखू मळत राहतो. काही बोलत नाही. ते फालतू वाटणारं वाक्य दोनदा पेरलं नसतं तर ही गप्प बसण्याची जागा मिळाली नसती, आणि भांडण दाखवायला तुम्हाला दोन पानं संवाद लिहावे लागले असते.

दुःखाच्या प्रसंगी “गेले ना नाना” असं वाक्य असतं. ते काढायचं का?

हात लावू नका त्याला.

मयताच्या घरी आलेली बाई दारातच चपला काढते, आत येऊन बसते, घरच्या बाईचा हात हातात घेते आणि म्हणते, “गयात ना व माय नाना.” अंगणात माणसं जमलेली आहेत, आत रडारड आहे, नाना गेले हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. तरी ते तोंडाने म्हणावं लागतं. ते म्हटल्याशिवाय पुढचं रडू येत नाही. लिहिताना एवढंच पाहा की समोरचीने त्यावर माहिती देऊ नये. “हो, पहाटे चार वाजता, छातीत दुखायला लागलं होतं, आम्ही धुळ्याला न्यायच्या तयारीत होतो” असं सुरू झालं की तो प्रवेश मेला. तिला नानांच्या चष्म्याबद्दल काहीतरी बोलू द्या.

महाभारतातला संजय याच गटातला ना? सगळं दिसतं तेच सांगतो.

संजय या गटात बसत नाही, कारण त्याचा श्रोता आंधळा आहे. व्यासांनी त्याला दिव्यदृष्टी दिली ती त्यासाठीच. रणांगणावर जे घडतं ते धृतराष्ट्राला उघड नाही. शिवाय संजयाच्या सांगण्याला धार आहे: ज्याला सांगतोय त्याचीच मुलं मरताहेत. भीष्म पडल्याची बातमी घेऊन तो येतो तेव्हा ते वाक्य राजाला हादरवतं.

यातून एक साधा निकष निघतो. जे प्रेक्षकाला दिसतंय ते समोरच्या पात्राला दिसत नसेल, तर बोला, खुशाल बोला. संजयाच्या जागी दुर्योधनाशेजारी उभा राहून “राजन, युद्ध सुरू झालं आहे” म्हणणारा सैनिक घाला, मग तो आपल्या गटातला.

तमाशात तर सारखं सांगतात, “आलो बघा मथुरेच्या वाटेवर”. मग तो दोष का मानत नाहीत?

कारण तिथे मथुरा नाही! मोकळा मंच, मागे ढोलकीवाला, तुणतुणंवाला. गवळणींनी एक गिरकी घेतली की गाव बदलतं. हे बदललेलं गाव फक्त बोलण्यातून उभं राहतं. संस्कृत नाटकातही नट मंचावर फेरी मारतो आणि नव्या ठिकाणी पोचतो, मग त्या ठिकाणाचं वर्णन करतो. मधल्या काळात काय घडलं ते सांगायला विष्कंभक आणि प्रवेशक अशा खास जागाच नाट्यशास्त्राने ठरवून दिल्या होत्या. म्हणजे सांगायचं ते तिथे सांगा, बाकीच्या अंकात पात्रांना छळू नका, अशी सोय. शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या उघड्या नाट्यगृहांत भरदुपारी प्रयोग व्हायचे, म्हणून पात्राला ‘रात्र झाली, काही दिसत नाही’ असं म्हणावं लागायचं.

आज तुमच्याकडे दिवे आहेत, नेपथ्य आहे, मागे मथुरेचा रंगवलेला पडदा आहे. एवढं करून वर “ही मथुरा बरं का” म्हणायचं असेल तर पडद्याचे पैसे वाचवा.

आकाशवाणीसाठी श्रुतिका लिहितोय. तिथे सगळं सांगावंच लागतं ना?

बरंच सांगावं लागतं, पण सरळ सांगू नये. श्रुतिकेतली हमखास नापास वाक्यं अशी असतात: “अरे बापरे, रामभाऊ, तुम्ही तर उजव्या हातात विळा घेऊन माझ्याच दिशेने येताय!” कोणाच्या अंगावर विळा चालून येत असेल तर तो माणूस उजवा-डावा बघत नाही.

ऐकणाऱ्याला विळा कळायला तर हवा. मग त्या वाक्याला दुसरं काम द्या. “रामभाऊ, आधी तो विळा खाली ठेवा.” माहिती तीच, पण आता ती आज्ञा आहे, त्यात भीती आहे, आणि रामभाऊ ऐकतो की नाही ही उत्सुकताही आली. किंवा तक्रार: “विळा घेऊन कोणी पाहुण्याच्या घरी येतं का?” किंवा खोटा धीर: “विळ्याला धार नाहीये रामभाऊ, कालच मी पाहिला.” ऐकणाऱ्याने विळा पाहिला, आणि बोलणाराही पाहिला.

ठिकाणासाठी आवाज वापरा. विहिरीवरच्या मोटरचा आवाज सुरू झाला आणि कोणी ओरडून बोलायला लागलं की शेत कळलं. लाइट गेली की मोटर बंद पडते आणि ओरडणारा माणूस अचानक फार मोठ्याने बोलत असल्याचं त्यालाच जाणवतं. ‘लाइट गेली’ हे वाक्य लागत नाही. खान्देशात मात्र ते माणूस म्हणतोच, आणि पुढे वीज मंडळाला दोन शब्द जोडतो. ते दोन शब्द ठेवा, पहिलं वाक्य काढा.

येणं-जाणं हा श्रुतिकेतला खरा त्रास. कोण खोलीत आलं हे कळवायला नाव घ्यावं लागतं. त्यासाठी ‘ये सुमन, बस सुमन, पाणी घे सुमन’ असा सुमनचा जप नको. एकदा नाव, मग आवाजाची ओळख. दोन बायकांचे आवाज सारखे वाटत असतील तर ती पात्रनिवडीची चूक आहे, संवादाने ती झाकता येत नाही.

“तुला तर माहीतच आहे” ने सुरू होणाऱ्या वाक्यांचं काय?

माहीत आहे तर सांगतोस कशाला, असं समोरच्याने विचारायला हवं. नाटकात कोणी विचारत नाही. नमुना पाहा:

“दादा, आपले आबा वारून पाच वर्षं झाली आणि तेव्हापासून आपली रावेरची तीन एकर केळी काकांच्या ताब्यात आहे, हे तुला माहीतच आहे.”

दोघं सख्खे भाऊ. दोघांनी आबांना खांदा दिलाय. आता हेच भांडणात घाला:

“तीन एकरातला एक घड तरी आला का घरी? पाच वर्षं झाली दादा. आबा असते तर काकांची हिंमत होती का?”

भांडताना माणसं माहीत असलेल्याच गोष्टी एकमेकांना सांगतात, आणि ते खरं वाटतं, कारण तिथे माहितीचा उपयोग टोचायला होतो. नवरा-बायकोची भांडणं ऐका. एकही बातमी नवी नसते. म्हणून पूर्वेतिहास अडकला की तिथे एक वाद शोधा. वाद सापडत नसेल तर तो इतिहास बहुधा लागतच नाही.

मालिकांत तर हे रोज चालतं. लोक बघतात की!

मालिका निम्म्याहून जास्त ऐकल्या जातात. बाई भाकरी थापतेय, टीव्ही हॉलमध्ये, तव्यावर लक्ष. त्यामुळे “वहिनी, तुमच्या हातात ही फाईल कशी?” असं कोणी म्हटलं नाही तर स्वयंपाकघरात फाईल पोचत नाही. वर जाहिराती असतात, मध्येच कोणी येतं, कालचा भाग चुकलेला असतो. हे सगळं लक्षात घेऊन लिहिणाऱ्याला मूर्ख म्हणण्यात अर्थ नाही. तो चित्राची श्रुतिका लिहितोय. मात्र त्याची सवय एकांकिकेत आणू नका. एकांकिकेच्या प्रेक्षकाच्या हातात पीठ नसतं. मालिका पाहून लिहायला शिकलेल्या मुलांच्या संहिता पहिल्या पानावरच ओळखू येतात: दार उघडतं, कोणीतरी येतं, आणि घरातला प्रत्येक जण आळीपाळीने त्याचं नाव आश्चर्याने उच्चारतो.

शेरलॉक होम्सचा डॉक्टर वॉटसन?

वॉटसनबद्दल गैरसमज फार. तो बिचारा मठ्ठ सोबती म्हणून बदनाम आहे, पण कॉनन डॉयलच्या मूळ कथांत तो उघड गोष्टी फारशा बोलत नाही. तो आपल्या वतीने विचारतो.

गंमत होम्सची आहे. लाल केसांच्या माणसाच्या कथेत एक सावकारी करणारा अशील येतो. होम्स म्हणतो, या माणसाने कधीकाळी अंगमेहनतीचं काम केलंय, तो तपकीर ओढतो, फ्रीमेसन आहे, चीनला जाऊन आलाय आणि अलीकडे बरंच लिखाण करतोय. या उघड गोष्टी सोडल्या तर मला काही कळत नाही. उघड! मग तो प्रत्येकाचं कारण सांगतो आणि अशील हसून म्हणतो, मला वाटलं तुम्ही काही हुशारी केली, यात तर काहीच नाही. सांगण्याआधी अदृश्य आणि सांगितल्यावर उघड, अशा वस्तूवर रहस्यकथेचा धंदा चालतो. याउलट आपल्या पडद्यावरचे पोलीस पाठीत सुरा खुपसलेल्या प्रेताजवळ उकिडवे बसतात आणि म्हणतात, “म्हणजे याचा खून झालाय.”

जागतिक साहित्यातलं या जातीचं सर्वात चांगलं पात्र कोणतं?

माझं मत पोलोनियसला. हॅम्लेटमधला म्हातारा दरबारी. राजकुमाराला वेड लागलंय हे सांगायला तो राजाराणीपुढे उभा राहतो आणि दिवस दिवस का, रात्र रात्र का, यात वेळ घालवू नये असं म्हणत वेळ घालवतो. थोडक्यात बोलावं, असं लांबण लावून सांगतो. आणि खरं वेड म्हणजे काय तर वेडं असणं, अशी व्याख्या करतो. राणी वैतागून म्हणते, शोभा कमी करा, मुद्दा सांगा. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ म्हणून हे नाटक मराठीत आणलं, त्यामुळे म्हातारा आपल्याकडेही जुनाच पाहुणा आहे.

तो का जमलाय? त्याच्या बोलण्यामागे गरज आहे. दरबारात त्याचं महत्त्व बोलण्यावर टिकलंय. गप्प बसला तर त्याला कोण विचारणार? प्रत्येक ग्रामपंचायतीत असा एक जण असतो. सत्काराच्या भाषणात “आज आपण इथे जमलो आहोत” पासून सुरू करणारा.

फ्रान्समध्ये तर एका खऱ्या सेनापतीच्या नशिबी हे आलं. ला पालीस नावाचा हा वीर १५२५ साली पाव्हियाच्या लढाईत पडला. त्याच्यावर पुढे जे थट्टेचं गाणं रचलं गेलं त्यात येतं की मरण्याच्या पाव तास आधी तो जिवंत होता. आयुष्यभर तलवार गाजवली, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो असा.

शेखचिल्लीच्या गोष्टीत वाटसरू “पडशील” म्हणतो. तोही उघडच बोलतो ना?

ही गोष्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने दहादा वाचावी. शेखचिल्ली ज्या फांदीवर बसलाय तीच तोडतोय. खालून जाणारा म्हणतो, “अरे, पडशील.” वाटसरूला ते उघड, ऐकणाऱ्यांना उघड, फक्त शेखचिल्लीला नाही. तो पडतो. आणि उठून धूळ झटकत वाटसरूच्या मागे धावतो: महाराज, तुम्हाला भविष्य कळतं, मी मरणार कधी तेही सांगा! जगातलं सगळ्यात उघड वाक्य बोलणारा माणूस इथे ज्योतिषी ठरतो. विनोद वाटसरूच्या वाक्यात नाही. ते वाक्य कोणत्या कानात पडलं यात तो आहे.

‘राजा नागडा आहे’ म्हणणारं पोर?

त्याला यात ओढू नका. तिथे सगळ्यांना दिसतंय आणि सगळे गप्प आहेत. ते वाक्य अनावश्यक नाही.

मला मुद्दाम असं विनोदी पात्र लिहायचंय. कसं लिहू?

एक तुकडा करून दाखवतो. पारोळ्याहून अमळनेरला जाणारी एसटी, दुपारचे दोन, मध्येच पंक्चर. लोक उतरून लिंबाखाली उभे.

बापू: गाडी थांबनी.
(कंडक्टर गप्प.)
बापू: टायर बसनं.
कंडक्टर: हो बापू.
बापू: ऊन शे.
कंडक्टर: मे महिना आहे बापू. बर्फ पडेल का?
(हशा. बाजूला लेकुरवाळी बाई. पोर किरकिरतं.)
बापू: पोरगं रडी राह्यनं.
बाई: काय करू मग बाबा? पाणी संपलं.
(बापू पिशवीतून बाटली काढून तिच्यापुढे ठेवतात. बोलत नाहीत. त्यांच्या खिशातला फोन वाजतो. वाजून थांबतो. पुन्हा वाजतो.)
कंडक्टर: बापू, फोन वाजतोय.
(बापू रस्त्याकडे बघत राहतात.)
कंडक्टर: बापू, पोराचं नाव दिसतंय. उचला की.
बापू: ...दुसरी गाडी उनी नही अजून.

इथे काय केलंय ते सांगतो. पहिली तीन वाक्यं क्रमाने लहान होत जातात आणि कंडक्टरचा पारा क्रमाने चढतो. विनोद बापूंच्या वाक्यात कमी आणि कंडक्टरच्या तोंडावर जास्त आहे. म्हणून असं पात्र एकटं उभं करू नका. त्याला वैतागणारा कोणीतरी शेजारी हवाच.

मग चौथं वाक्य. तेही उघड, पण त्याने पाण्याची बाटली बाहेर येते. प्रेक्षकाला पत्ता लागतो की बापू येडे नाहीत, त्यांचं लक्ष सगळीकडे आहे आणि मदत करायची ही त्यांची रीत आहे. बाटली देताना “घे पाणी” असं म्हणायला लावलं असतं तर सगळं गेलं असतं.

शेवटी डाव उलटतो. आता उघड वाक्य कंडक्टर बोलतो आणि बापूंकडे उत्तर नाही. जो जगातलं प्रत्येक दिसणारं बोलून दाखवतो, तो एक गोष्ट बोलत नाहीये. नाटक त्या गोष्टीचं आहे. असं पात्र लिहायला घेताना सगळ्यात आधी हे ठरवा: हा काय बोलणार नाही? ते ठरलं नाही तर तुमच्याकडे फक्त एक लकब आहे, आणि लकब सात मिनिटांच्या वर चालत नाही.

अहिराणीत लिहिलं की असं पात्र जास्त हसवतं. मग सगळे विनोदी संवाद अहिराणीत लिहू का?

जरा थांबा. लोक वाक्याला हसताहेत की बोलीला, हे तपासा. ‘ऊन शे’ ला पुण्याच्या स्पर्धेत हशा पडला आणि साक्रीत पडला नाही, तर तो हशा बोलीला होता. आपली बोली गड्याच्या आणि येडपटाच्या तोंडी आणि प्रमाण मराठी शहाण्याच्या तोंडी, ही वाटणी नाटकं-सिनेमांनी पुष्कळ केली आहे. आपणच ती पुढे चालवायची कशाला?

उलट करून बघा. तालुक्याला बदली होऊन आलेला साहेब शुद्ध मराठीत उघड बोलू द्या: “इथे बरेच ऊन असते, नाही का?” आणि वाघूर नदीकाठी जन्म गेलेली आजी त्याच्याकडे नुसती बघू द्या.

नट म्हणतो, माझं वाक्य काढू नका. काय करू?

त्याला त्याच जागी करायला एक कृती द्या. नटाला वाक्य नको असतं, जागा हवी असते. बहुतेक वेळा भागतं. नाही भागलं तर तो दिग्दर्शकाचा मामा असणार. मग राहू द्या.

संहितेतली अशी वाक्यं शोधायची कशी?

वाक्य झाकून प्रवेश मोठ्याने वाचा. काही अडलं नाही तर वाक्य फुकटचं होतं. अडलं, तर बघा कोण अडलं: समोरचं पात्र की प्रेक्षक? पात्र अडलं तर वाक्य ठेवा. फक्त प्रेक्षक अडला तर माहिती दुसरीकडून द्या: वस्तूतून, कपड्यातून, उशिरा येण्यातून. कापसाचा भाव पडला हे सांगायला ‘भाव पडला’ लागत नाही. घरातल्या खोलीत छतापर्यंत रचलेला कापूस आणि त्याच्या कडेला कसंबसं टाकलेलं अंथरूण पुरतं. ज्याच्या घरी असा कापूस राहिलाय तो पडदा उघडताच ओळखेल.

दुसरं, प्रश्नार्थक वाक्यांवर आधी नजर टाका. “काय? लग्न मोडलं?” “काय? पैसे चोरीला गेले?” समोरच्याने नुकतंच सांगितलेलं परत विचारणं, ही या रोगाची सर्वात जास्त पसरलेली जात. यातली दहापैकी नऊ काढता येतात. दहावं ज्याला कमी ऐकू येतं त्याला द्या.

बालनाट्यात चालेल का?

चालेल, पण काम मुलांना करू द्या. वाघ मागे उभा आहे आणि ससोबाला दिसत नाही, “मागे बघ, मागे बघ!” हे पुढच्या रांगेतून यायला हवं. ससोबाच्या मित्राने ते आधीच सांगितलं तर मुलांचा घास काढून घेतल्यासारखं होतं.

दृष्टिहीन प्रेक्षकांना कळावं म्हणून संवादात वर्णन घालणं योग्य नाही का?

हेतू चांगला, जागा चुकीची. त्यासाठी ध्वनिवर्णन वेगळं करतात: एक निवेदक संवादांच्या मधल्या मोकळ्या जागांत हालचाल, कपडे, चेहऱ्यावरचे भाव थोडक्यात सांगतो आणि ते ज्यांना हवं त्यांच्याच कानात पोचतं. आणि तुमचे संवाद आधीच ठासून भरलेले असतील तर त्या निवेदकालाही बोलायला जागा उरत नाही.

परीक्षकांनी ‘संवाद स्पष्टीकरणात्मक’ असा शेरा दिला. म्हणजे नक्की काय बदलायचं?

आधी शेवटचं पान बघा. नव्वद टक्के वेळा शेरा तिथल्याच एका वाक्यामुळे आलेला असतो. आई ओट्यावर बसलीय, मुलगा शहरात निघून गेलाय, तिने ताटात दोन भाकऱ्या वाढल्यात, दिवा मंद होतोय, आणि कोणीतरी आत येऊन म्हणतं, “शेवटी आई एकटीच राहिली.” तेवढं वाक्य काढा आणि पुढच्या वर्षी तीच संहिता पुन्हा पाठवा. फक्त ते ज्याच्या तोंडी होतं त्या नटाला आधी कळवा, नाहीतर तो प्रयोगात म्हणून टाकेल.